इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बदलायच्या आहेत; नवशिक्याने कोणता सेट घ्यावा?

पावसाळी_सूर (१४ जून, रात्री १०.५०)

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत असते. वय ४३, इस्पितळात परिचारिका आहे. सहा महिन्यांपूर्वी भाचा नोकरीसाठी परगावी गेला आणि जाताना आपली इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे ठेवून गेला. "मावशी, नुसती पडून राहण्यापेक्षा तू शिक," म्हणाला. शिकायला लागले आणि मनापासून आवडली. ड्यूटी संपवून घरी आले की हेडफोन लावून अर्धा तास तरी वाजवतेच.

गिटार 'स्ट्रॅट' नावाच्या प्रसिद्ध गिटारच्या आकाराची आहे. तीन पिकअप आणि तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजला तो हलवायचा दांडा. दीड महिन्यापूर्वी पहिली तार तुटली, म्हणून एका दुकानातून सगळा सेटच बदलून आणला. तेव्हापासून गिटार परकी झाल्यासारखी वाटते. तारा दाबायला फार जड जातात. वरच्या जाड तारांचा आवाज अ‍ॅम्पमधून मेल्यासारखा येतो आणि पहिल्या दोन तारा मात्र कर्कश वाजतात. ट्यूनिंग दहा मिनिटंही टिकत नाही. त्यात पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या तारेवर तांबूस डागही दिसायला लागलेत.

आता नव्या तारा घ्यायच्या आहेत. ९, १०, ११ म्हणजे नक्की काय? निकेल, स्टील, कोटेड यांतलं काय घ्यावं?

आणखी एक अडचण आहे, ती इतर कुणाला नसेल. सलाईन लावताना मी डाव्या हाताच्या तर्जनीने शीर चाचपून पाहते. बोटांना घट्टे पडले तर ती जाण जाईल, अशी भीती वाटते. त्यामुळे बोटांना कमीत कमी त्रास होईल असं काही असेल तर सांगा.

तारेवरची_कसरत (१४ जून, रात्री ११.३०)

ताई, सेट सुचवण्याआधी तीन गोष्टी बघून सांगाल का?

१. जाड तारांचा रंग कोणता आहे? चांदीसारखा की तांब्या-पितळेसारखा?
२. खालून तिसरी तार नखाने घासून बघा. गुळगुळीत आहे की खरखरीत?
३. गिटार आडवी धरून ब्रिजकडे बाजूने बघा. ब्रिजची पट्टी लाकडाला समांतर आहे की मागून उचलली गेली आहे?

जुन्या तारांचं पाकीट सापडलं तर उत्तमच.

साडेसहा_लोकल (१५ जून, सकाळी ७.१५)

सरळ १०-४६ घ्या. मी बारा वर्षं तेच वाजवतोय. ९ फार बारीक पडते. नवशिक्याचा हात जड असतो, तार जरा जास्त दाबली की सूर चढतो. १० वर हात नीट बसतो. बोटं पंधरा दिवस दुखतील, मग सवय होईल.

पावसाळी_सूर (१५ जून, रात्री ९.२०)

तारेवरची_कसरत, आज सगळं पाहिलं. जाड तारा तांबूस सोनेरी आहेत. तिसरी तार खरखरीत आहे, तिच्यावरही बारीक गुंडाळी दिसते. ब्रिज मागून चक्क उचललेला आहे, खाली करंगळीचं टोक जाईल एवढी फट आहे. मला वाटलं तो तसाच असतो!

पाकीट गिटारच्या पिशवीत सापडलं. त्यावर 'फॉस्फर ब्राँझ' आणि १२-५३ असं लिहिलंय.

तारेवरची_कसरत (१५ जून, रात्री १०.४५)

वाटलंच होतं. ताई, तुमच्या हातात काही दोष नाही आणि गिटारही बिघडलेली नाही. तिच्यावर अकूस्टिक गिटारच्या तारा चढवल्या आहेत. तांबूस डाग सोडले तर तुम्ही सांगितलेल्या चारही तक्रारी त्या एकाच चुकीतून आल्यात.

आधी आवाजाचं बघू. अकूस्टिकमध्ये तारेची थरथर लाकडी पेटी मोठी करते, तिला तार कोणत्या धातूची याच्याशी देणंघेणं नसतं. इलेक्ट्रिकचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर चुंबकाला दाद देणारा धातू थरथरला, तरच त्या वेढ्यांत वीज उमटते. पोलाद आणि निकेल दाद देतात, ब्राँझ देत नाही. तुमच्या जाड तारांत पोलादी गाभा आहे म्हणून थोडाफार आवाज येतो, पण वरची सगळी गुंडाळी पिकअपच्या लेखी नसल्यासारखीच. पहिल्या दोन तारा साध्या पोलादाच्या आणि नेहमीपेक्षा जाड, म्हणून त्या एकट्याच ओरडतात. नायलॉनच्या तारा लावल्या असत्या तर अ‍ॅम्पमधून काहीच आलं नसतं.

आता ओढ. तुमच्या गिटारवर सहसा ९-४२ चा सेट असतो. ट्यून केल्यावर त्या सहा तारा मिळून मानेवर साधारण ३८-३९ किलोची ओढ असते. १०-४६ असेल तर ४७ किलोच्या आसपास. १२-५३ अकूस्टिक सेटची ओढ ७० किलोच्या वर जाते! तुमचा ब्रिज मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांवर तोललेला असतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. तारांचं पारडं जड झालं की ब्रिज मागून उचलला जातो, त्याबरोबर तारा मानेवरच्या फ्रेटपासून (आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून) वर जातात, दाबायला जड होतात आणि ट्यूनिंगही हलत राहतं. बोटं दुखणारच.

या तारा आजच सैल करून ठेवा, मानेवरचा ताण उतरू दे.

९, १० हे आकडे पहिल्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात. ९-४२ म्हणजे पहिली ९, सहावी ४२. मधल्या ११, १६, २४, ३२. १०-४६ मध्ये १०, १३, १७, २६, ३६, ४६. तिसरी तार दोन्हींत साधी, गुळगुळीत. म्हणूनच तुम्हाला नखाने घासून बघायला सांगितलं.

तुमच्यासाठी माझं मत स्वच्छ आहे: ९-४२, निकेल प्लेटेड स्टील, राउंडवाउंड (गोल तारेच्या गुंडाळीचा). दुकानात पाकिटावर 'इलेक्ट्रिक' शब्द स्वतः वाचून घ्या.

मिरजेचा_भोपळा (१६ जून, सकाळी ८.०५)

धागा आवडला. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे-सतारी घडवतात, गिटार मी हौसेने वाजवतो.

गिटारवाल्यांचा 'बेंड', म्हणजे दाबलेली तार बाजूला ओढून सूर चढवणं, ही आपली मींडच. सतारीच्या बाजाची तार साधारण ०.३० मिलिमीटर असते, म्हणजे गिटारच्या हिशोबात १२ ची. ती ओढून वादक चार-पाच सुरांची मींड घेतात, पण त्यासाठी बोटाला खोल खाच पडेपर्यंत वर्षानुवर्षं रियाज झालेला असतो. ताईंचं पोट बोटांच्या जाणिवेवर आहे. त्यांनी ९ च घ्यावी.

एक आठवण करून देतो. सतारवादक बोटाला खोबरेल लावतात, ते पाहून गिटारच्या तारांना तेल लावू नका. जाड तारांच्या गुंडाळीत तेल शिरलं की धूळ धरतं आणि तार बसक्या आवाजाची होते.

साडेसहा_लोकल (१६ जून, रात्री ९.००)

अकूस्टिक तारांचं माझ्या ध्यानात आलं नाही, मी प्रश्न नीट वाचायला हवा होता. पण ९ की १० यावर मी ठाम आहे. दोघींत फरक किती, तर ०.०२५ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. एवढ्याने बोटं वाचतात असं मला वाटत नाही. आवाजाला मात्र वजन येतं.

तारेवरची_कसरत (१६ जून, रात्री १०.१०)

जाडीतला फरक खरंच तेवढाच आहे, पण ओढ जाडीच्या वर्गाने वाढते. १० भागिले ९, त्याचा वर्ग केला की १.२३ येतो. म्हणजे त्याच सुराला पहिली तार २३ टक्के जास्त ओढीने बसते. ९ ची ओढ सुमारे ६ किलो, १० ची सव्वासात. बेंड करताना हा सव्वा किलो अनामिकेला चांगला जाणवतो.

दुसरं, तुमची गिटार कोणती? मागे तुम्ही फोटो टाकला होता तो लेस पॉलच्या घडणीचा होता. तिची तारेची लांबी पावणेपंचवीस इंच, स्ट्रॅटची साडेपंचवीस. तेवढ्याने ओढ सहा टक्क्यांनी उतरते. तुमच्या गिटारवर १० मऊ लागते, ताईंच्या गिटारवर तीच कडक लागेल.

आणि बारीक तारा हा कमीपणा समजू नये. १९६० च्या सुमारास अमेरिकेत तयार सेटमधली तिसरी तार २९ ची असायची, तीही गुंडाळलेली. मुलांना ती दाबताच यायची नाही. वाजवणारे पहिल्या तारेच्या जागी बँजोची तार लावून वेळ भागवायचे. कॅलिफोर्नियातल्या एर्नी बॉल नावाच्या गिटारशिक्षक-दुकानदाराला विद्यार्थ्यांचे हे हाल रोज दिसत होते. त्याने हलके सेट बनवून घेतले आणि १९६२ पासून स्वतःच्या नावाने विकले. ९-४२ आणि १०-४६ आज कुठल्याही दुकानात सहज मिळतात, त्यामागे शिकणाऱ्यांची दुखरी बोटं आहेत.

साडेसहा_लोकल (१६ जून, रात्री १०.४०)

लांबीचा मुद्दा मान्य. पावणेपंचवीसचीच आहे माझी, आणि मी आजवर दुसऱ्या गिटारवर फारसा वाजवलेलोच नाही. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

यावरून टोनी आयोमी आठवला. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे नेमकी तारा दाबायचीच बोटं. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने टोपणं केली आणि बँजोच्या बारीक तारा लावून वाजवत राहिला. हेवी मेटलचा तो जाडजूड आवाज उभा राहिला तो या बारीक तारांवर. वजन येतं म्हणून मी १० सांगत होतो. आता लिहिताना माझंच मला पटेना.

मांडवीकाठ (१७ जून, दुपारी २.३०)

पणजीहून लिहितोय. तारांची निवड झालीच आहे, मी गंजाबद्दल सांगतो. तियात्राच्या (आमच्या कोकणी संगीत नाटकांच्या) बँडमध्ये वीस वर्षं वाजवतोय, खारी हवा आणि पाऊस दोन्ही आमच्या पाचवीला पुजलेले.

गंज आधी धरतो तो पहिल्या तीन साध्या तारांना. कोटेड तारांच्या जाड तारांवर पातळ पापुद्रा असतो, तो घामाला आणि धुळीला गुंडाळीत शिरू देत नाही. पहिल्या तीन साध्या तारांना काही कंपन्या गंजरोधक मुलामा देतात. कोटेड जास्त टिकतात हे खरं, पण किंमत साध्या सेटच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. पहिल्याच खेपेला घेऊ नका, ताई. तारा चढवायला शिकताना एखादी चुकून तुटतेच, ती महागाची तुटली तर जिवाला लागतं. साधे दोन सेट घ्या. पुढच्या पावसाळ्यात कोटेड बघा.

वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करा. झाल्यावर जुन्या सुती कपड्याच्या तुकड्यात एकेक तार चिमटीत धरून ब्रिजपासून मानेपर्यंत पुसून काढा, खालच्या बाजूनेही. घाम खालीच साचतो. गिटार भिंतीवर टांगून ठेवू नका, कोकणातल्या भिंती जून ते सप्टेंबर ओल धरतात. पिशवीत, आणि पिशवीत औषधांच्या डब्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या. तुमच्या इस्पितळात त्या ढिगाने मिळतील.

घट्ट्यांबद्दल एक सांगतो. तार बोटाच्या अगदी टोकाने, नखाजवळून दाबा. घट्टा तिथेच पडतो.

पावसाळी_सूर (२० जून, रात्री १०.१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

मांडवीकाठ, तुमचं वाचल्यावर दुसऱ्या दिवशी वॉर्डात मुद्दाम लक्ष दिलं. शीर मी बोटाच्या गराने, पेराच्या मऊ भागाने चाचपते. टोक तिथे लागतच नाही! इतकी वर्षं रोज करते आणि कधी नीट बघितलं नव्हतं. खूप हायसं वाटलं.

९-४२ चे दोन सेट मागवले, आज आले. पाकिटावर 'इलेक्ट्रिक' आणि निकेल दोन्ही वाचलं. आता रविवारी स्वतःच बदलायच्या आहेत. सगळ्या तारा एकदम काढू का?

तारेवरची_कसरत (२० जून, रात्री ११.००)

एकदम काढू नका. तुमचा ब्रिज स्प्रिंगांवर तोललेला आहे, सगळ्या तारा निघाल्या की तो एकदम आत ओढला जातो. एक काढा, तिच्या जागी नवीन चढवा, ढोबळ ट्यून करा, मग पुढची. जाड तारेपासून सुरू करा.

जुनी तार आधी खुंटी फिरवून पूर्ण सैल करा, मगच कापा. ताणलेली तार कापली तर तोंडावर उडते. चष्मा असेल तर लावून बसा.

नवी तार मागच्या बाजूने, त्या लोखंडी ठोकळ्याच्या भोकातून ओवा. टोकाचा मणी आत टेकल्याचं बोटाला कळतं. पुढे खुंटीपर्यंत ताणून घ्या आणि खुंटीच्या पुढे साधारण दीड खुंटीच्या अंतराएवढी जास्त ठेवून बाकीची कापा. तेवढ्यात जाड तारेचे दोन-तीन आणि बारीक तारेचे तीन-चार वेढे बसतात. वेढे वरून खाली, एकाखाली एक, एकमेकांवर चढू देऊ नका. ट्यूनिंग टिकणार की नाही ते निम्मं इथेच ठरतं.

सहाही झाल्या की ट्यून करा. सहावी लावून पाचवीकडे गेलात की सहावी चढलेली दिसेल. घाबरू नका. ओढ कमी झाल्याने ब्रिज हळूहळू खाली बसतोय, त्यामुळे आधी लावलेल्या तारा हलतात. चार-पाच फेऱ्या लागतील. मग प्रत्येक तार मध्यावर धरून हलकेच वर ओढा, पुन्हा ट्यून करा, पुन्हा ओढा. तार उतरायची थांबली की झालं.

दुकानदाराने मागच्या झाकणाखालचे स्क्रू पिळले नसतील तर ब्रिज आपोआप जागेवर येईल.

पावसाळी_सूर (२२ जून, संध्याकाळी ६.४०)

बदलल्या! दोन तास लागले. दुसरी तार ओवताना बोटाला टोचली, बाकी सगळं ठीक. चौथ्या तारेनंतर ब्रिज खाली बसताना डोळ्यांदेखत दिसला. करंगळीचं टोक जायचं त्या फटीत आता जाड पुठ्ठाही जेमतेम जातो. एफ कॉर्ड पहिल्यांदाच सहाही तारांवर वाजली. आवाज तर वेगळ्याच गिटारचा वाटतो.

एकच शंका. सहावी तार मोकळी वाजवली की झणझणते. अगदी तंबोऱ्यासारखी. पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की आवाज स्वच्छ येतो.

मिरजेचा_भोपळा (२२ जून, रात्री ८.१०)

ताई, तंबोऱ्यासारखी म्हणालात ते अगदी बरोबर ओळखलंत. तुमच्या गिटारला जवारी लागली आहे!

तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तुमचा ब्रिज, सपाट, किंचित उतरती घासलेली असते. थरथरणारी तार त्या सपाटीला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि तो झणकार उठतो. नेमका हवा तसा यावा म्हणून आम्ही दिवसच्या दिवस कानस चालवतो, मग तारेखाली सुती दोरा सरकवून शेवटची जागा शोधतो. गिटारला ती जवारी नको असते. तिथे तार नटच्या (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत घट्ट बसून एकाच कडेवरून सुटायला हवी.

मोकळ्या तारेलाच झणकार आहे आणि पहिल्या फ्रेटला नाही, म्हणजे दोष नटमध्येच. ५३ ची तार १.३५ मिलिमीटर, ४२ ची १.०७. जाड तार बसवताना कुणीतरी तुमची खाच कानशीने रुंद केली असणार. आता बारीक तार तिथे मोकळी पडून हलते आहे.

तारांच्या पाकिटाचा पातळ कागद नखाएवढा कापा. तार जरा सैल करून खाचेतून उचला, कागद खाचेत दाबा, वर तार बसवून ट्यून करा. बाहेर आलेली कड ब्लेडने कापून टाका. तुमच्या कागदाचं काम आमच्या दोऱ्याच्या अगदी उलट आहे. दोरा झणकार फुलवतो, हा विझवेल. कायमचं करायचं तर नवा नट बसवून घ्यावा लागेल, त्याची घाई नाही.

पावसाळी_सूर (२३ जून, रात्री ११.२०)

रात्रपाळीला निघण्याआधी कागद घातला. पहिल्यांदा फार जाड झाला, तार खाचेच्या वरच राहिली. मग एकेरी पदराचा घातला. झणझण पूर्ण गेली.

जायच्या आधी कागद काढून ती सहावी तार एकदा तशीच झणझणू दिली, फोनवर रेकॉर्ड केली आणि परत कागद घातला. मिरजेचा_भोपळा, रेकॉर्डिंग तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलंय. ऐकून सांगा, जवारी कशी लागली होती.